फीडर ॲप: कधीतरी लिहिणाऱ्यांना वाचण्यासाठी

मे 2024 मध्ये कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, तेव्हा टेबलाचा खण रिकामा करताना एक पेन ड्राइव्ह सापडला. वर चिकटपट्टी, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'रीडर, जून 2013'. आवडत्या साइटवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारा आपला रीडर गूगलने 1 जुलै 2013 ला बंद केला, त्याच्या आठवडाभर आधी मी माझी साइटची सगळी यादी उतरवून घेतली होती. पुढे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची गडबड आली, मग कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीचं काम आलं, आणि यादी अकरा वर्षं खणात पडून राहिली.

आता वेळच वेळ होता. चिरंजीवांनी फोनमध्ये 'फीडर' नावाचं ॲप घालून दिलं. अँड्रॉइडवर चालतं, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे (आतला कोड कुणालाही बघता येतो), जाहिरात नाही आणि खातंही उघडावं लागत नाही. शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडली. माझा जन्मदिनांक न विचारता उघडलेलं गेल्या काही वर्षांतलं हे पहिलंच ॲप असेल.

ज्यांनी हा प्रकार वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बऱ्याच साइट आपल्या नव्या मजकुराची यादी एका ठरावीक पत्त्यावर ठेवतात, तिला फीड म्हणायचं. ॲप अधूनमधून त्या पत्त्यावर जाऊन नवीन काय आलंय ते घेऊन येतं. हे वाचा, ते वाचा म्हणून मध्ये सुचवणारा कुणी नाही. ही पद्धत 1999 पासून आहे, नेटस्केपमध्ये सुरू झाली, आणि ती घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा हे आपल्याकडचे संगणकतज्ज्ञ होते.

तर, पेन ड्राइव्हमधली फाइल फोनवर घेतली आणि फीडरच्या मेन्यूतून आयात केली. 143 नोंदी एका मिनिटात आत आल्या. अकरा वर्षांपूर्वीची फाइल आजच्या ॲपने मुकाट्याने वाचली याचं कारण ओपीएमएल हा याद्यांचा सामाईक नमुना. बहुतेक सगळे फीड रीडर तो ओळखतात.

मग मी आयुष्यभर केलं तेच केलं. ग्रंथपडताळणी. वही घेऊन बसले आणि एकेक नोंद तपासली. 143 पैकी 41 पत्त्यांनी उत्तर दिलं. त्यातले 12 दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेले होते. एका कवितेच्या साइटवर आता झटपट कर्ज मिळतं. राहिले 29, आणि त्यात ब्लॉगस्पॉट या गूगलच्या फुकट ब्लॉगसेवेवरचे निम्म्याहून जास्त. हौसेने स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा भाड्याचा पत्ता, घेतलेल्यांचं नूतनीकरण कधीतरी राहून गेलं असणार. ब्लॉगस्पॉटवर पैसे भरायचे नसतात, त्यामुळे लिहिणारा थांबला तरी त्याचा पत्ता टिकला.

या 29 मधलेही बरेचसे कित्येक वर्षं गप्प. चिरंजीव म्हणाले, काढून टाक. ग्रंथालयात निर्लेखनाचा नियम असतो, फाटलेलं आणि हरवलेलं पुस्तक खारीज होतं. पण कुणी नेलं नाही म्हणून पुस्तक खारीज करायचं नसतं, निदान मी तरी कधी केलं नाही. गप्प फीडचा तर काडीचा त्रास नाही. नवं काही आलं नाही तर ते पडद्यावर दिसतसुद्धा नाही.

सप्टेंबरमध्ये त्यातल्या एकाने तोंड उघडलं. रत्नागिरीकडचे एक गृहस्थ आपल्या अंगणातल्या पावसाची मोजणी लिहीत असत, 2017 नंतर बंद. एके संध्याकाळी त्यांची नवी नोंद आली: त्या पावसाळ्याचे महिनावार आकडे, आणि खाली एकच ओळ, की मापक फुटलं होतं, नवं आणायला वेळ लागला. सात वर्षं! मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. हा माणूस माझ्या आठवणीतून केव्हाच गेला होता. त्याच्या ब्लॉगवर मी आपण होऊन परत गेले असते का? मुळीच नाही.

फीड रीडरकडून काही मिळवायचं असेल तर माझी पहिली सूचना हीच. त्यात रोज दहा वेळा लिहिणारे भरू नका, महिन्याने किंवा वर्षाने लिहिणारे भरा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. हौसेने तीन वर्तमानपत्रांची मुख्य फीड घेतात, आठवड्यात हजारभर न वाचलेल्या बातम्या साठतात, आणि 'हे आपल्याला झेपत नाही' म्हणून ॲप काढून टाकतात.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे. फीडमध्ये साइटवरचा सगळा मजकूर नसतो, अलीकडच्या काही नोंदीच असतात. पुष्कळ साइट ज्या प्रणालीवर चालतात त्या वर्डप्रेसवर मुळातली संख्या 10 असते, यूट्यूबच्या फीडमध्ये 15 व्हिडिओ असतात. वर्तमानपत्र तासाभरात दहा बातम्या टाकत असेल आणि तुमचं ॲप दिवसातून एकदाच डोकावत असेल, तर मधल्या बातम्या तुम्हाला दिसणारच नाहीत. म्हणून मग लोक दर पंधरा मिनिटांनी तपासणी लावतात आणि फोनची बॅटरी संपली म्हणून कुरकुरतात. पावसाचे आकडे लिहिणारे गृहस्थ मात्र दिवसातून एकदा डोकावलं तरी निसटत नाहीत. माझी तपासणी चोवीस तासांतून एकदा, तीही फक्त वायफायवर. दोन्ही गोष्टी सेटिंगमध्ये आहेत.

वर्तमानपत्र हवंच असेल तर पूर्ण घेऊ नका. साइट वर्डप्रेसवर असेल तर विभागाच्या पानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की त्या विभागापुरती यादी मिळते. मी एका दैनिकाची फक्त रविवार पुरवणी अशी वेगळी काढली आहे. पुरवणीतही राशिभविष्य घुसतं, त्यावर उपाय म्हणजे फीडरमधली नकोशा शब्दांची यादी. तिथे शब्द दिला की शीर्षकात तो असलेल्या नोंदी गाळल्या जातात. इथे मराठीचा घोळ समजून घ्या: कुणी 'राशि' ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ, कुणी मध्ये जागा सोडतो. ॲपला शुद्धलेखन कळत नाही. पण मधल्या अक्षरांच्या जागी तारांकन चालतं. 'राश', मग तारा, मग 'भविष्य', एवढ्यात तिन्ही अडकले. 'व्हायरल' मात्र सगळे सारखंच लिहितात.

फीडचे गट पाडायला फीडरमध्ये टॅग आहे, एका फीडला एकच. (पुस्तकालाही कपाटात एकच जागा असते, त्यामुळे याची मला सवय होती.) सुरुवातीला मी ग्रंथालयातल्या ड्युई वर्गीकरणाच्या आकड्यांप्रमाणे गट केले, 300 समाजशास्त्रे, 800 साहित्य वगैरे. पंधरा दिवसांत कळलं की सकाळी चहाबरोबर कुणी '300 वाचूया' म्हणत नाही. आता तीनच टॅग आहेत: 'रोज', 'रविवार' आणि 'कधीतरी'. 'रोज'मध्ये पाच फीड, त्याहून जास्त नाहीत. रविवारी रात्री झोपताना उरलेलं सगळं 'वाचले' करून टाकते. जपायचं ते त्याआधीच बुकमार्क केलेलं असतं. सूचनेची घंटी एकाच फीडला ठेवली आहे, आणि ती कुठली ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता पूर्ण मजकुराबद्दल. पुष्कळ साइट फीडमध्ये दोनच ओळी देतात. फीडरमध्ये प्रत्येक फीडच्या संपादनात 'पूर्ण लेख आणा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो लावला की ॲप मूळ पानावरून लेख उचलून आणतं. यातून बातम्यांच्या साइटवर मध्येमध्ये 'हेही वाचा' टाकलेलं असतं ते कधीकधी बरोबर येतं. एरवी चाललं असतं, पण मी लेख ऐकते. ॲपमध्ये मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे, आवाज फोनचाच असतो, फोनमध्ये मराठी आवाज उतरवून घेतलेला असला की झालं. मेथी निवडताना एक लेख सहज होतो. मृत्युलेखाच्या ऐन मध्यावर फोनमधली बाई त्याच गंभीर सुरात 'हेही वाचा' म्हणते आणि कुठल्यातरी सिनेमाची बातमी सांगते. याला इलाज सापडलेला नाही.

ब्लॉग लिहिणाऱ्यांना यानिमित्ताने एक विनंती. ब्लॉगर (म्हणजे ब्लॉगस्पॉटच) असो की वर्डप्रेस, सेटिंगमध्ये फीडला पूर्ण मजकूर द्यायचा की तुकडा, हे निवडता येतं. कृपा करून पूर्ण द्या.

पत्ता शोधण्याची फार चिंता नको. साइटचा साधा पत्ता टाकला की फीडर बहुतेकदा फीड स्वतः हुडकतो. नाहीच सापडलं तर ब्लॉगस्पॉटवर पत्त्यापुढे 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द इंग्रजीत, प्रत्येकाआधी तिरकी रेघ. सबस्टॅक या वार्तापत्रांच्या साइटवर नुसतं 'फीड'.

ब्लॉगपलीकडेही पुष्कळ आहे. रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं आणि अधिसूचना फीडने मिळतात. आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांना मी ती पूर्वी रीडरवर लावून दिली होती. विकिपीडियाच्या कुठल्याही लेखाच्या इतिहासाच्या पानालाही फीड असते. मराठी विकिपीडियावरच्या आमच्या गावाच्या लेखावर माझी अशी नजर आहे, आणि लोकसंख्या कोण वाढवतो ते मला कळतं. आणि ग्रंथालयात कोहा असेल तर ऑनलाइन तालिकेतल्या शोधाच्या निकालालाही फीड मिळते: 'लोकसाहित्य' शोधून ती घेतली की त्या विषयाचं नवं पुस्तक दाखल झाल्यावर आपोआप समजतं. ही सोय मी कॉलेजात फलकावर लावली होती. तीन प्राध्यापकांनी वापरली. नवीन काय आलं म्हणून रोज विचारायला येणारे नेहमीप्रमाणे येतच राहिले.

उणिवा सांगायच्या तर पहिली ही की फीडर अँड्रॉइडबाहेर नाही. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांनी ब्राउझरमध्ये चालणारा रीडर बघावा, त्याला खातं लागेल. दुसरी, हे संग्रहालय नाही. दर फीडमागे ठरावीक नोंदीच राहतात. ती संख्या वाढवता येते, पण कात्रणांच्या फायलीची अपेक्षा ठेवू नका. आणि खातं नाही याचा अर्थ फोन हरवला की यादीही गेली. दर महिन्याच्या एक तारखेला मी ओपीएमएल निर्यात करून स्वतःलाच मेल करते.

माझ्या वन्संकडे आयफोन आहे. त्यांना नेटन्यूजवायर नावाचं फीड रीडर ॲप घालून दिलं, तेही फुकट आहे, आणि सुरुवात म्हणून माझीच फाइल आत टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: "वहिनी, हे पावसाचे आकडे कुणाचे? काढून टाकू का?"

म्हटलं, राहू द्या. जागा खात नाहीत.