खेळण्यातली मोटर भरायची, व्होल्टेज वाढवायचं की गिअर बदलायचे?

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मेकॅनोच्या (नट-बोल्टनं जोडायच्या भोकांच्या पट्ट्यांचा खेळ) पट्ट्यांची क्रेन उभी केली आणि दोरीचं रीळ थेट मोटरच्या दांड्यावर बसवलं. आकड्याला अर्धा किलो साखरेची पुडी अडकवली की मोटर जागच्या जागी थांबायची आणि थोड्याच वेळात हात लावता येणार नाही इतकी तापायची. "मामा, ही उघडून तिच्यात जास्त तार भरू या का? गावाला पंपाची मोटर भरतात तशी?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर शोधताना जे मोजलं, ते तिच्यासारख्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी इथे मांडतो आहे.

आधी हे ठरवा की हवा आहे जोर की वेग. 'पॉवर' हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो आणि तिथेच फसतो. गाडी पळवायची असेल तर वेग लागतो. क्रेन, ट्रॅक्टर, लिफ्ट यांना जोर लागतो. मोटरमध्ये जे बदल लोक करतात, त्यातले बहुतेक वेग वाढवणारे असतात.

आता मोटर बघू. चपट्या बाजूंचा पत्र्याचा डबा, २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटरचा दांडा: खेळण्यांत सर्रास असते ती ही १३० नंबरची मोटर. जपानच्या माबुची कंपनीच्या एफए-१३०आरए-२२७० या मॉडेलचे आकडे असे आहेत. दीड व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला ९,१०० फेरे. पूर्ण अडवली तर जोर २६ ग्रॅम-सेंटीमीटर आणि करंट २.२ अँपिअर. म्हणजे एक सेंटीमीटर त्रिज्येच्या रिळावर ती फक्त २६ ग्रॅम वजन तोलेल. साखरेची पुडी ५०० ग्रॅमची.

गिअर

याच मोटरला मधे सुमारे १३० पट गिअर लावले, म्हणजे मोटरचे १३० फेरे झाले की रिळाचा एक आणि जोर तितक्या पटीनं जास्त, तर? ही मोटर तिच्या कमाल जोराच्या चौथ्या हिश्शावर सगळ्यात सुखानं चालते. तिथे ती जवळपास ६,८०० फेऱ्यांवर असते आणि ०.७ अँपिअरच्या आसपास करंट घेते. गिअरच्या घर्षणात चाळीस टक्के वाया गेले असं धरलं, तरी एक सेंटीमीटरच्या रिळावर अर्धा किलो साखर सेकंदाला पाच सेंटीमीटर वेगानं वर येते. तीही एकाच दीड व्होल्टच्या सेलवर! हा हिशेब मी दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. मोटर दुबळी नव्हती. तिच्या नऊ हजार फेऱ्यांतल्या बहुतेक फेऱ्या आपण वापरतच नव्हतो.

लेगोच्या संचात ८ दातांच्या चक्रानं ४० दातांचं चक्र फिरवलं की ५ पट मिळतात. वर्म गिअरनं (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) २४ दातांचं चक्र फिरवलं की एका टप्प्यात २४ पट. दोन्ही जोडले की १२०. वर्मचं घर्षण बरंच असतं, पण क्रेनसाठी त्याचा एक मोठा फायदा आहे. बटण बंद केलं तरी ओझं खाली घसरत नाही, कारण ते चक्र उलटीकडून वर्मला फिरवू शकत नाही.

व्होल्टेज वाढवणं

सगळ्यात सोपा उपाय, आणि म्हणून सगळ्यात जास्त केला जाणारा. व्होल्टेज दुप्पट केलं की मोकळा वेग दुप्पट, अडवल्यावरचा जोर दुप्पट, कमाल पॉवर चौपट. पण अडकलेल्या मोटरमध्ये उष्णताही चौपट. १३० मोटरमध्ये ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या पट्ट्या) धरून ठेवणारं झाकण प्लॅस्टिकचं असतं आणि आधी तेच मऊ पडतं. थोड्या सेकंदांच्या कामाला चालेल. प्रदर्शनात दिवसभर चालणाऱ्या क्रेनला नाही.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसते. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणून लावतात. या मोटरच्या कॉइलचा रोध सुमारे ०.७ ओहम, आणि त्या बॅटरीचा आतला रोधच त्याहून जास्त असतो. मग ओझं आलं की बरेचसे व्होल्ट बॅटरीतच जिरतात, बॅटरी गरम होते आणि मोटर तशीच रडते. त्यापेक्षा चार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या. त्यांचं व्होल्टेज १.२ असलं तरी आतला रोध साध्या अल्कलाइन सेलपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे ओझ्याखाली ते टिकून राहतात. लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल मात्र मुलांच्या हाती देऊ नका. संरक्षण सर्किट नसलेल्या लिथियम सेलची तार चुकून जुळली तर आग लागते.

गाडी आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. एल२९८एन हा लोकप्रिय ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारं सर्किट, एक अँपिअरला दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. सहा व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला चारच पोचतात. त्याऐवजी खूप कमी व्होल्ट खाणारा टीबी६६१२ ड्रायव्हर लावला की मोटरला हात न लावता ती तगडी झाल्यासारखी वाटते.

मोटर भरणं

भाचीचा मूळ प्रश्न हा होता, म्हणून इथे जरा थांबतो. माबुचीच्या मॉडेलच्या शेवटच्या आकड्यांत वाइंडिंगच (आत गुंडाळलेली तार) लिहिलेलं असतं. २२७० म्हणजे ०.२२ मिलिमीटर जाडीची तार, ७० वेढे. याच डब्यात १८१०० नावाची मोटरही मिळते: ०.१८ मिलिमीटर, १०० वेढे. तारेचं क्षेत्रफळ आणि वेढे यांचा गुणाकार केला तर दोन्हींत तांबं जवळपास सारखंच निघतं. कारण ज्यांच्यावर तार गुंडाळतात त्या आतल्या तीन लोखंडी दातांमधली जागा तेवढीच आहे. बारीक तार घेतली तर वेढे जास्त बसतात, जाड घेतली तर कमी.

यातून जे निघतं ते बहुतेकांना माहीत नसतं. वेढे निम्मे करून दुप्पट क्षेत्रफळाची तार भरली, तर ती मोटर तीन व्होल्टवर नेमकी तशीच वागते जशी जुनी मोटर सहा व्होल्टवर वागली असती. फरक इतकाच की करंट दुप्पट लागतो, म्हणजे सेलवरचा ताण वाढतो. थोडक्यात, दोन तास डोळे ताणून, तारेवरचं एनॅमल (वीजरोधक लेप) खरवडून, तीन कॉइल सारख्या वजनाच्या करून जे मिळतं, ते दोन सेल वाढवूनही मिळालं असतं. आणि भाचीला हवी होती तशी 'जास्त तार' भरली असती, तर प्रत्येक अँपिअरमागे जोर वाढला असता, पण रोध वाढून करंटच घटला असता.

लोहचुंबक बदलणं यापेक्षा वेगळं आहे. साध्या फेराइटच्या चुंबकांच्या जागी त्यांहून बरेच ताकदवान निओडिमियमचे बसवले तर तेवढ्याच करंटला खरोखर जास्त जोर मिळतो. वेग मात्र कमी होतो, आणि हे ऐकून पुष्कळजण चकित होतात. मोटर हातानं फिरवताना अडखळते. निओडिमियमचे साधे चुंबक ८० अंशांच्या पुढे तापले की कायमचे कमजोर होतात, म्हणून तापणाऱ्या मोटरला ते शोभत नाहीत.

तरीही एक मोटर मुलाबरोबर बसून जरूर भरा. वीस-तीस रुपयांची मोटर, बारीक एनॅमल तार आणि एक सुट्टीचा दिवस. वेढे मोजताना वीज आणि चुंबक यांचं नातं बोटांना कळतं. फक्त ते शिकण्यासाठी करा, क्रेनसाठी नाही.

मोटरच बदलणं

लेगोवाल्यांसाठी माझं मत ठाम आहे: उघडू नका. २००७ साली आलेल्या पॉवर फंक्शन्स मालिकेच्या मोटरींत तापल्यावर करंट अडवणारा थर्मिस्टर असतो आणि बॅटरीच्या डब्यातही करंटवर मर्यादा असते. बाहेरून रेटायला गेलात तर त्या आपणहून आखडतात. त्यापेक्षा दुसरी मोटर लावा. छंदिष्टांनी नऊ व्होल्टवर मोजलेले आकडे साधारण असे आहेत:

| मोटर | मोकळे फेरे (मिनिटाला) | अडवल्यावरचा जोर (न्यूटन-सेंमी) |
|---|---|---|
| एम | ४०५ | ११ |
| एल | ३९० | १८ |
| एक्सएल | २२० | ४० |

गाडीला एल, क्रेनला एक्सएल. चाळीस न्यूटन-सेंटीमीटर म्हणजे एक सेंटीमीटरच्या रिळावर चार किलो. एवढ्या जोराला पुढे गिअर लावले तर लेगोचा प्लॅस्टिकचा दांडा पीळ खातो, हे लक्षात ठेवा.

छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या मिनी फोर-डब्ल्यूडी गाड्या तामिया या जपानी कंपनीनं १९८२ मध्ये आणल्या. त्यांच्या अधिकृत शर्यतींत मोटर उघडायला मनाईच आहे. तिथे टॉर्क-ट्यून्ड किंवा हायपर-डॅश अशी तयार मोटर निवडायची आणि बाकीचं कसब चाकांत आणि वजनात दाखवायचं.

मेकॅनोवाल्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं गाठावीत. दोन गोष्टी दिसतील. एक पिवळी बीओ मोटर, जिच्यात १३० सारखीच मोटर आणि बहुधा ४८ पट प्लॅस्टिकचे गिअर असतात. ती गाडीला छान आहे. दुसरी एन-२०, धातूच्या गिअरची, अंगठ्याच्या पेराएवढी. ती मागताना व्होल्ट आणि आरपीएम (मिनिटाचे फेरे) दोन्ही सांगा, नाहीतर दुकानदार हाती येईल ती देतो. क्रेनसाठी सहा व्होल्ट, साठ आरपीएम किंवा त्याहून हळू.

आम्ही तीच आणली. चार सेल, सेंटीमीटरभर त्रिज्येचं जुनं रीळ, बाकी क्रेन होती तशीच. साखरेची पुडी सावकाश वर आली. बटण बंद केलं तरी गिअरच्या घर्षणानं ती वरच थांबली. भाचीनं लगेच पाऊण किलोची पुडी बांधायला घेतली.