नळाच्या पाण्यातलं शिसं: नळ वाहू द्यावा, कार्बन ब्लॉक घ्यावा, आरओ बसवावा की पाइपच बदलावा?

नळाला लालसर पाणी आलं की घर घाबरतं, पण तो बहुतेक वेळा लोखंडाचा गंज असतो. शिसं असलेलं पाणी मात्र काचेसारखं नितळ असू शकतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. शिवाय शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात शिसं सहसा नसतंच, ते वाटेत मिसळतं आणि बहुतेकदा शेवटच्या काही मीटरांत. त्यामुळे पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल निर्दोष असला तरी तुमच्या स्वयंपाकघरातल्या तोटीची खात्री त्यातून मिळत नाही. शेजारच्या घराच्या अहवालातूनही नाही.

वाटेतल्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत आलेला शिशाचा नळजोडणी पाइप. त्यानंतर तांब्याच्या पाइपांच्या सांध्यांवरचा जुना डाख, ज्यात निम्मं शिसं आणि निम्मं कथील असायचं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या जोडकामात त्यावर १९८६ मध्ये बंदी आली. मग पितळी तोट्या आणि व्हॉल्व्ह. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, आणि अमेरिकेत २०१४ पर्यंत ८ टक्क्यांपर्यंत शिसं असलेल्या वस्तूवरही कायद्याने ‘शिसेमुक्त’ लिहिता येत होतं. आता ती मर्यादा ०.२५ टक्के आहे. काही पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगं स्टॅबिलायझर म्हणून वापरलेली असतात. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपही निर्दोष धरू नका: पाणी ज्या दिशेने येतं तिकडे त्याच्या आधी कधीकाळी शिशाचा पाइप असेल, तर आतल्या गंजाच्या थरात शिसं साठून राहतं आणि नंतर वर्षानुवर्षं सुटत राहतं.

किती शिसं म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढंच. युरोपीय संघाने २०३६ पर्यंत ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली येण्याचं ठरवलं आहे. पण यातला कोणताही आकडा ‘इथपर्यंत सुरक्षित’ असं सांगत नाही. शिशाची सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही, म्हणून अमेरिकेचं आरोग्य-उद्दिष्ट शून्य आहे. लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. घरात पावडरच्या दुधावरचं बाळ असेल तर त्याचं जवळजवळ सगळं अन्न याच पाण्यात कालवलेलं असतं. अशा घरात, किंवा घरात गरोदर बाई असेल तर, तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू नका. शिसं अडवण्याचं प्रमाणपत्र असलेला फिल्टर आजच वापरायला घ्या, चाचणी मागून होईल.

आधी मोजणं: टीडीएस मीटर, पट्टी की प्रयोगशाळा

टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज देतो, आणि त्याचा सगळ्यात लहान आकडा १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) असतो. शिशाची मर्यादा आहे ०.०१ पीपीएम. मर्यादेच्या दसपट शिसं असलं तरी मीटरवरचा २१० चा आकडा २१० च राहील. ‘टीडीएस कमी आहे, म्हणजे पाणी चांगलं’ हा समज शिशाच्या बाबतीत धोक्याचा आहे.

घरगुती पट्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. तिला कणांच्या रूपातलं शिसं नीट दिसत नाही, कारण ते विरघळलेलं नसतं. ‘आहे’ आलं तर गांभीर्याने घ्या, ‘नाही’ आलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

भरवसा ठेवावा तो प्रयोगशाळेवर, पण नमुना चुकला की तिचा अहवालही चुकतो. पाणी किमान ६ तास पाइपात स्थिर राहू द्या. रात्रभर राहिलं तर उत्तम. सकाळी कोणीही नळ उघडायच्या आधी, शौचालयाचा फ्लशही ओढायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या तोटीखाली पहिली १ लिटरची बाटली भरा. तोटीच्या टोकाची जाळी काढू नका, फिल्टर लावलेला असेल तर तो मात्र बाजूला करा. नळ बंद न करता एकामागून एक पाच बाटल्या भरा आणि पहिली व पाचवी तपासायला द्या. धार बारीक ठेवू नका, नेहमी वापरता तेवढी सोडा. बारीक धारेत कण सुटत नाहीत आणि निकाल फसवा चांगला येतो.

पहिल्या बाटलीत शिसं जास्त आणि पाचवीत कमी निघालं, तर दोष तोटीत किंवा तिच्या जवळच्या सांध्यात आहे. पहिलीत कमी आणि पाचवीत जास्त असेल, तर बोट मागच्या पाइपांकडे, बहुधा नळजोडणीकडे जातं. एका दिवशी ३ आणि दुसऱ्या दिवशी ४० असा आकडा उड्या मारत असेल, तर पाइपातून कण सुटत आहेत.

अहवालावर ‘बीडीएल’ लिहिलेलं असतं, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. ती मर्यादा किती, हे विचारा. यंत्र लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली पाहूच शकत नसेल, तर ९ असलं तरी ‘बीडीएल’च येणार. लिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारी चाचणी मागा. आयसीपी-एमएस या धातू सूक्ष्म प्रमाणात मोजणाऱ्या पद्धतीत हे सहज होतं.

नळजोडणी कशाची आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याच्या मीटरजवळ पाइप घरात शिरतो तिथली धूळ पुसून नाण्याच्या कडेने हलकं खरवडा. मऊ लागून चकचकीत रुपेरी रेघ उमटली आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर पाइप शिशाचा आहे. चुंबक चिकटला तर जीआय. तांब्याचा रंग लगेच ओळखू येतो. खरवडल्यावर हात धुवा आणि तो चुरा पुसून टाका.

नळ वाहू देणं

याला काही खर्च नाही, आजपासून करता येतं, आणि दोष फक्त तोटीत असेल तर बऱ्यापैकी पुरतं. किती वेळ वाहू द्यायचं हे पाइपाच्या लांबीवर आहे. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला साधारण १८० मिलिलिटर पाणी मावतं. नळजोडणीपासून तोटीपर्यंत २० मीटर असतील तर साडेतीन लिटर साचलेलं पाणी बाहेर जायला हवं. मिनिटाला ६ लिटरच्या धारेत त्याला ३५ सेकंद लागतात. दुप्पट वेळ द्या. नळजोडणीच शिशाची असेल तर मात्र ही रीत अपुरी आहे. पाच मिनिटं सोडलं तरी पुढचं पाणीही त्याच पाइपातून येतं, आणि कण कधी सुटतील याचा नेम नसतो. सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा.

दोन सवयी प्रत्येक घरात हव्यात. पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त थंड पाण्याचा नळ वापरा, कारण गरम पाणी शिसं जास्त विरघळवतं. आणि तोटीची जाळी दर महिन्याला उघडून धुवा, तिथे शिशाचे कण अडकून बसतात. उकळण्याने काहीही साधत नाही. जंतू मरतात, शिसं तसंच राहतं, आणि पाणी आटेल तसं ते अधिक दाट होतं.

कार्बन ब्लॉक की आरओ

खरी निवड बहुतेकांसाठी या दोघांतच असते. यूव्ही दिवा शिशाला हातही लावत नाही. यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) पडदा कण अडवतो, विरघळलेलं शिसं सोडून देतो.

कार्बन फिल्टर म्हणजे कोणताही नव्हे. सुट्या दाण्यांचा कार्बन क्लोरीनचा वास घालवतो, शिशासाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हवा तो घट्ट दाबलेला ब्लॉक, शिसं धरणारं माध्यम मिसळलेला. खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय ५३ हा अमेरिकी मानकाचा क्रमांक आणि त्यासोबत शिसं कमी करण्याचा स्पष्ट उल्लेख, दोन्ही शोधा. ४२ हा क्रमांक फक्त चव आणि वासासाठी असतो. ५३ मध्येही वेगवेगळे दावे येतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भुलू नका.

ब्लॉकला वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, क्षार तसेच राहतात. त्याचा दोष एकच, पण मोठा: तो संपला की कळत नाही. चव तीच राहते, शिसं मात्र पार होऊ लागतं. म्हणून लिटरचा हिशेब ठेवा. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर लागत असतील, तर फिल्टरच्या जगमधली (पाण्याच्या भांड्यातली) ४५० लिटरची काडतूस, म्हणजे बदलायचा फिल्टर, तीन आठवड्यांत संपते. ओट्याखालची २,००० लिटरची शंभर दिवस टिकते. तारीख काडतुशीवरच मार्करने लिहा. तिच्यातून गरम पाणी कधीच सोडू नका.

आरओचा पडदा चांगल्या स्थितीत विरघळलेलं शिसं ९५ टक्के किंवा त्याहून जास्त अडवतो. त्याचा क्रमांक एनएसएफ/एएनएसआय ५८. पाण्यात आर्सेनिक, नायट्रेट किंवा फार क्षारही असतील तर आरओच घ्यावा. नुसत्या शिशासाठी तो घेणं आमच्या मते बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त आहे, कारण लिटरभर पाण्यामागे तो साधारण तीन लिटर सोडून देतो आणि दाब कमी असेल तर आणखी.

आरओ घेणारच असाल तर दोन गोष्टी बसवणाऱ्यासमोरच तपासा. पहिली, टीडीएस ॲडजस्टर. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी हा छोटा स्क्रू असतो आणि तो पडद्यातून न गेलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. कच्च्या पाण्यात ३० मायक्रोग्रॅम शिसं असेल तर पडद्यामागे दीड उरतं, पण २० टक्के कच्चं पाणी मिसळलं की पेल्यात ७ च्या वर येतं. तो स्क्रू पूर्ण बंद करा. दुसरी, पडद्यानंतरची तोटी आणि जोड. आरओचं पाणी क्षारांत गरीब असल्याने धातू चटकन विरघळवतं. तिथे जुनं पितळ असेल तर गाळून काढलेलं शिसं शेवटच्या वीतभर अंतरात परत येतं. स्टेनलेस स्टील किंवा खाण्यायोग्य प्लास्टिक वापरा. टीडीएस मीटर इथे मात्र कामाला येतो: आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांतला फरक कमी होत गेला की पडदा थकला.

पाइप बदलणं

नळजोडणी शिशाची निघाली, तर कायमचा उपाय हाच. एखादा निकाल चांगला आला म्हणून तो टाळू नका. पाइपाच्या आत साचलेला पातळ थर शिशाला धरून ठेवतो, आणि पाण्याचं रसायन बदललं की तो थर उखडतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये २००० साली क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरायला लागल्यावर शिसं वाढलं. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक घातलं नाही, तेव्हाही तेच झालं. दोन्हीकडे घरांतले पाइप होते तेच होते.

बदलायचा तर मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत पूर्ण बदला. अर्धा शिशाचा ठेवून पुढे तांब्याचा जोडला, तर दोन धातूंच्या सांध्यावर विद्युत-रासायनिक गंज चढतो, आणि खोदकामाच्या धक्क्याने जुन्या पाइपातले कणही सुटतात. काही काळ पाणी आधीपेक्षा वाईट येतं. पाणीपुरवठा संस्था आपल्या हद्दीतलाच तुकडा बदलत असेल, तर तुमच्या हद्दीतला तुकडाही त्याच दिवशी बदलायचं लेखी ठरवून घ्या. दोष तोटीतच निघाला असेल तर एवढं खोदायची गरज नाही, कमी शिशाची प्रमाणित तोटी आणि तिच्याखालचा व्हॉल्व्ह बदलला की पुरे.

काम झाल्यावर घरातल्या सगळ्या तोट्यांच्या जाळ्या काढा, आधी सगळ्यात खालच्या मजल्यापासून सुरुवात करत सगळे थंड नळ पूर्ण उघडा आणि किमान ३० मिनिटं वाहू द्या. जाळ्या धुऊन बसवा. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पहिली आणि पाचवी बाटली तपासा, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत फिल्टर काढू नका.