खेळातला खाऊ विणायचं किट: आठ महिने वापरल्यावर

आधी चांगलं सांगते. या किटातली स्ट्रॉबेरी उत्कृष्ट आहे. तिच्यासाठी का होईना, मी हे किट पुन्हा घेईन.

मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं खेळघर चालवते. तिथे एक लाकडी तराजू, एक लुटुपुटुचा गल्ला आणि रोज भरणारं दुकान आहे. दुकानातल्या प्लास्टिकच्या भाज्यांना तडे गेले, कडा बोटांना लागू लागल्या, म्हणून विणलेल्या वस्तू करायचं ठरवलं. क्रोशा मला येत होता, पण सपाट कामापुरता: रुमालांच्या कडा, टेबलावरचे गोल, एखादी शाल. आत कापूस भरून उभी राहणारी वस्तू मी कधी केली नव्हती. किटाच्या डब्यावर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं होतं आणि या बाबतीत मी नवशिकीच होते.

डब्यात आठ रंगांच्या छोट्या गुंड्या, ४ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा हुक, पॉलिस्टरचा कापूस, लोकरीची बोथट सुई, स्टिच मार्कर (टाक्यात अडकवायच्या खुणेच्या पिना), काळ्या प्लास्टिकच्या डोळ्यांची पुडी आणि बारा नमुन्यांची पुस्तिका आली. नऊ नमुने खाऊचे, तीन घरात वापरायच्या वस्तूंचे: कोस्टर, गरम भांडं धरायची चौकोनी पकड आणि भांडी घासायची चकती.

आता स्ट्रॉबेरी. ती टोकापासून सुरू होते. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून घट्ट होणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात, सहा मुके खांब (क्रोशाचे साधे, बुटके टाके), मग प्रत्येक फेरात तीन टाके वाढवायचे: नऊ, बारा, पंधरा, अठरा, असं चोवीसपर्यंत. सपाट चकती करताना आपण मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरात सहा टाके वाढवतो. इथे निम्मेच वाढतात, त्यामुळे वीण पसरायला जागा पुरत नाही आणि हातात आपोआप शंकू उभा राहतो. मग तीन फेर न वाढवता, आणि वरून पटापट घटवत तोंड बंद. पुस्तिकेत यामागचं कारण कुठेच लिहिलेलं नाही, पण नमुन्यांचा क्रम इतका विचारपूर्वक लावला आहे की कारण हाताला कळतं. पहिला नमुना बिस्किट, म्हणजे सपाट. दुसरा लिंबू, म्हणजे गोल. तिसरी स्ट्रॉबेरी. चौथं गाजर, त्यात वाढ आणखी हळू. चार वस्तू झाल्या की आपण आकाराचा विचार टाक्यांच्या संख्येत करू लागतो. मला पाचव्या वस्तूपासून पुस्तिका उघडी ठेवायची गरज उरली नाही. शिकवण्याचं काम मीही करते, त्यामुळे हा क्रम ज्याने लावला त्याच्याबद्दल मला खरा आदर वाटतो.

सॅलडचं पानही असंच. शेवटच्या दोन फेरांत प्रत्येक टाक्यात दोन-दोन टाके घालायचे. कडेला इतके टाके होतात की ती सपाट राहूच शकत नाही, तिला झालरीसारख्या चुण्या पडतात आणि हुबेहूब कुरळं पान दिसतं. डायना टाइमिना या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हायपरबोलिक प्रतलाची, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखं वळणाऱ्या पृष्ठभागाची, टिकाऊ प्रतिकृती क्रोशानेच करून दाखवली, तीही ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन. मला हे वाचून माहीत होतं. पान विणताना ते बोटांत उतरलं. त्या दिवशी मी एकाऐवजी पाच पानं विणली.

हुकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोरा डीके या हलक्या-मध्यम जाडीचा आहे, म्हणजे लेबलावर ३ क्रमांकाचा, आणि त्याला शाल किंवा टोपी विणायला ४ मिलिमीटरचा हुक बरोबर असतो. पण भरीव वस्तूची वीण घट्ट लागते, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो. माझं पहिलं लिंबू ठीक दिसलं, कारण पिवळ्यात पांढरं लपतं. लाल स्ट्रॉबेरीत मात्र पांढरे ठिपके दिसू लागले. एक मुलगी ती हातात फिरवत म्हणाली, "ताई, हिला बुरशी आलीय." ती मी पूर्ण उसवली. घरातला ३ मिलिमीटरचा हुक घेऊन पुन्हा विणली आणि फरक एका फेरात कळला. किट बनवणाऱ्यांनी दोऱ्याचं लेबल वाचून हुक टाकला, वस्तू बघून नाही. तुम्ही घेणार असाल तर अडीच किंवा तीनचा हुक आधीच जवळ ठेवा, आणि जाड मुठीचा बघा. घट्ट विणीत अंगठ्याच्या बुडाशी ताण येतो. मी तासाभराने हात थांबवते.

घटवायची पद्धतही पुस्तिकेत जुनीच दिली आहे: दोन टाक्यांतून दोरा ओढायचा आणि तिन्ही वेढे एकदम काढायचे. त्याने बारीक भोक राहतं. त्याऐवजी दोन टाक्यांच्या माथ्यावरच्या फक्त पुढच्या पाकळ्यांत (वेढ्यांत) हुक घालून मुका खांब घातला तर घट दिसतच नाही. भरीव कामासाठी हीच पद्धत शिकवायला हवी होती. आणि लिंबाच्या फोटोत वस्तू चक्क उलटी आहे. मुक्या खांबाच्या सुलट बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पाकळ्या दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा. फोटोत रेघा आहेत. नवशिका माणूस तो फोटो बघून आपलंच चुकलं असं समजेल, म्हणून सांगते.

खरी गफलत कोस्टरच्या पानावर आहे. पुस्तिकाभर अमेरिकी संज्ञा आहेत: एससी म्हणजे मुका खांब, डीसी म्हणजे खांब. कोस्टरच्या पानावर मात्र 'सहा डीसी' असं आहे. मी इमानेइतबारे सहा खांब घातले, पुढच्या फेरात बारा, मग अठरा. कोस्टरऐवजी वाटी तयार झाली. खांब मुक्या खांबापेक्षा कितीतरी उंच असतो. त्याचा गोल सपाट राहायला पहिल्याच फेरात साधारण बारा टाके लागतात, सहा पुरत नाहीत. मग उलगडा झाला: ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डीसी म्हणतात, आणि हे एकच पान त्या पद्धतीने छापलं गेलंय. पुस्तिकेच्या सुरुवातीला एक ओळ घातली असती तरी चाललं असतं. ती वाटी आम्ही ठेवली, दुकानात सुटे पैसे ठेवायला.

आता दोरा. डब्यावर 'सुती मिश्र' एवढंच आहे, प्रमाण दिलेलं नाही. स्वयंपाकघरात हे चालत नाही. सुती दोरा उष्णता सोसतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं, आणि वितळलेलं अ‍ॅक्रिलिक कातडीला चिकटतं. म्हणून मी प्रत्येक रंगाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून पाहिला. सूत जळतं तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी करडी राख उरते. पकडीसाठी दिलेल्या राखाडी दोऱ्याचा टोकाला कडक काळा मणी झाला, म्हणजे तो वितळणारा निघाला. गरम भांडं धरायच्या वस्तूला असा दोरा देणं मला अजिबात मान्य नाही. किट बनवणाऱ्यांना मी तसं कळवलं. उत्तरात आभार मानले होते, दोऱ्याविषयी एक शब्द नव्हता. मी ती पकड शुद्ध सुती दोऱ्याची, दोन पदरी विणली. मधे तिसरा जुन्या सुती टॉवेलचा तुकडा घातला. ती ओली असताना वापरू नका, ओल्या कापडातून चटका लगेच पोचतो. राखाडी दोऱ्याची मी भांडी घासायची चकती केली आणि त्या कामाला तो खरंच छान निघाला: पाणी धरून ठेवत नाही, लवकर वाळतो. कोस्टरला मात्र सूतच हवं, गार पेल्याचं पाणी ते शोषून घेतं.

यापुढचं लहान मुलं असणाऱ्यांनी नीट वाचावं. प्लास्टिकचे डोळे 'सेफ्टी आय' म्हणून दिले आहेत. आतून वॉशर बसतो हे खरं, पण क्रोशाची वीण ताणली जाते आणि ओढणाऱ्या, चावणाऱ्या मुलाच्या हाती डोळा अख्खा सुटून येऊ शकतो. मी सगळे चेहरे दोऱ्याने भरले. खरं तर गाजराला चेहरा हवाच कशाला? मुलं त्याला गाजर म्हणूनच तोलतात. याहून मोठा दोष मटारच्या शेंगेत आहे. शेंग सुंदर आहे, हिरव्या दोन छटांची, पण आतले तीन दाणे सुटे ठेवले आहेत, प्रत्येक साधारण दोन सेंटिमीटरचा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे लहान भाग तपासायला अमेरिकेत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकायचा धोका धरतात. हे दाणे त्यात सहज मावतील. मी तिन्ही दाणे शेंगेला आरपार टाके घालून पक्के शिवले. खेळघरात मुलांची धाकटी भावंडं येतात, मोठी मुलं दाणे त्यांच्यापुढे टाकतात, हे मी रोज बघते. नमुना करणाऱ्याने हे बघितलेलं नसावं.

अंडं सर्वांचं लाडकं आहे. पांढऱ्याची कड नागमोडी होण्यासाठी एकाच फेरात मुका खांब, अर्धा खांब, खांब असे मागेपुढे घालायला सांगितलेत. ही युक्ती फारच छान आहे, अंडं तव्यावर पसरल्यासारखं दिसतं. पण एकपदरी पांढरं दोन दिवसांत द्रोणासारखं वळलं. मी तसंच दुसरं पांढरं विणून दोन्ही कडेने जोडली, आता ते पडलं तरी सपाट पडतं. एका मुलाने महिनाभर दुसऱ्या कुठल्या वस्तूला हात लावला नाही. सकाळी आला की विचारायचा, "ताई, आज किती अंडी?" मी सात केली. सातही आजवर वापरात आहेत.

धुण्याचं सांगितलंच पाहिजे, कारण आठ महिन्यांत या वस्तूंवर काय काय सांडलं ते मला माहीत आहे. जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात, मशीनच्या हलक्या फेरीवर टिकतात. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला आणि दोन अंडी गुलाबी झाली. दोरा विणण्याआधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायची सवय मला तेव्हापासून लागली. वस्तू ठासून भरली असेल तर आतून वाळायला वेळ लागतो. पहिलं लिंबू वरून कोरडं आणि आत दमट होतं, त्याला कुबट वास येऊ लागला. तेव्हापासून मी कापूस चिमटीचिमटीने, पिंजून भरते: आकार धरेल इतका, दगड होईल इतका नाही.

दोऱ्याच्या प्रमाणाचा हिशोब मात्र कुणी केलेला नाही. लिंबू, अंड्याचा बलक, चीजचा चौकोन, तिन्ही पिवळे, आणि पिवळी गुंडी बाकी रंगांएवढीच. तपकिरी दोरा अर्धा उरला. पिवळा मात्र चीजच्या मधोमध संपला. बाहेरून आणलेल्या पिवळ्याची छटा जुळली नाही, चीजच्या मध्यावर रेघ दिसते. मुलांनी त्याचा परस्पर निकाल लावला: गडद बाजू जुनं चीज, फिकी बाजू ताजं, आणि जुनं घेणाऱ्याला सॅलडचं पान फुकट.

तर, घ्यावं का? सपाट क्रोशा येत असेल आणि भरीव काम शिकायचं असेल तर जरूर घ्या. पुस्तिकेच्या पहिल्या चार नमुन्यांसाठी घ्या, आणि हुक, सुती दोरा, जादा पिवळी गुंडी आपापली आणा. क्रोशा मुळीच येत नसेल तर आधी कुणाजवळ बसून साखळी आणि मुका खांब हातात बसवा. पुस्तिकेतल्या चित्रांवरून मॅजिक रिंग जमणार नाही, चित्रात दोरा कुठल्या बोटावरून जातो तेच दिसत नाही. तयार वस्तू लहान बाळाला भेट द्यायच्या असतील तर डोळ्यांची पुडी उघडूच नका. घरात मशीन, कात्री, सुई आहे अशा कोपऱ्यात ठेवून द्या, पुढे मोठ्यांसाठी काही कराल तेव्हा उपयोगी पडतील.

स्ट्रॉबेरीची सध्या चौथी डझन चालू आहे. पानांचा हिरवा संपत आलाय.