माती मळलेली, माहिती कच्ची

जुलैत गोव्यात, बार्देशातल्या एका पॉटरी स्टुडिओत दिवसभराची कार्यशाळा केली. फी 1,800 रुपये, माती आणि जेवण धरून. जाहिरात होती 'थँकुपीच्या शैलीत अ‍ॅबोरिजिनल डॉट पॉट'. मी डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवते. थँकुपी म्हणजे ऑस्ट्रेलियातली आदिवासी (अ‍ॅबोरिजिनल) सिरॅमिक कलाकार. तिचं नाव वाचूनच पैसे भरले.

आधी चांगलं सांगते. माती लोण्यासारखी, एक खडा लागला नाही. दोन वाट्या करायच्या, कडा खरवडून पातळ मातीने सांधायच्या, मग पट्टीने थोपटत गोळा गरगरीत करायचा. शिकवणारा मुलगा शेजारी बसून दाखवतो, घाई करत नाही. हुमण-भातही झकास.

जेवणानंतर मात्र कान साफ करायच्या काड्या आणि पांढरा रंग वाटला. काढा ठिपके! अहो, ठिपक्यांची ती चित्रं ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातली. 1971 पासून तिथल्या पापुन्या वस्तीत बोर्डावर उतरू लागली. थँकुपी कुठली, तर पार उत्तरेच्या केप यॉर्कवरल्या वायपाची. ती गोल भांड्यांवर आपल्या थायनाक्विथ लोकांच्या गोष्टी कोरायची. जन्म 1937चा, आधी बालवाडीची शिक्षिका, तिशी उलटल्यावर सिडनीला जाऊन सिरॅमिक्स शिकली. तिच्या लोकांत माती पवित्र, विधींसाठी राखलेली. भांडी घडवायची चालच नव्हती. पुढे ती गावाकडे मुलांची सुट्टीतली शिबिरं घ्यायची, आणि आपल्या भाषेचा शब्दकोशही तिने केला. 2011 साली गेली.

वायपाची जमीन लाल, बॉक्साइटची. तिच्या लोकांची जमीन खाणीत गेली. हे डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको. 2012 साली इथल्या लोखंडाच्या खाणी बंद होईपर्यंत आमची ओसरी दिवसातून दोनदा झाडली तरी लालच.

यातलं एक वाक्यही कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तर तो मुलगा हसून म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकांना ठिपकेच पाहिजे असतात."

दोन आठवड्यांनी गोळा आणायला गेले, तर हातात खापऱ्या. पावसाळ्यात माती आतून वाळलेली नाही, त्यात गोळ्याला भोक पाडायला त्यांनी सांगितलंच नव्हतं; भट्टीत वाफ जाणार कुठून? आमच्या डिचोलीचा कुठलाही कुंभार हे आधी सांगेल. दुसरा फुकट करून देतो म्हणाले, तेवढा चांगुलपणा आहे. जाईन. कोरायला घरून करकटक नेणार आहे.