डिलिव्हरी व्हॅनचा खर्च: मैलाचा दर घ्यावा की पावत्या जपाव्यात?

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना मिळणारी सरकारी मदत, जी खर्च वजा जाता उरलेल्या कमाईवर ठरते) चालू असताना स्वतःच्या गाडीने डिलिव्हरी करणाऱ्यांचा एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. गाडीचा खर्च मैलांच्या ठरलेल्या दराने दाखवावा, की पेट्रोल, विमा, दुरुस्ती, एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) यांच्या पावत्या लावून खरा खर्च दाखवावा? ५ एप्रिल २०२५ ला टॅक्स क्रेडिट, म्हणजे आधीची मदत, कायमचे बंद झाले आणि बरीच कुटुंबं युनिव्हर्सल क्रेडिटवर आली, तेव्हापासून तर जास्तच. टॅक्स क्रेडिटला वर्षाचा नफा लागायचा, तो टॅक्स रिटर्नमधून जायचा. इथे हिशेब दर महिन्याचा, आणि महिना संपल्यावर चौदा दिवसांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागतो. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमची गाडी आणि तुमचे मैल माझ्यापेक्षा वेगळे असू शकतात, एवढं धरून वाचा.

आधी एक गोष्ट मोकळी करू. तुम्ही साध्या कारने डिलिव्हरी करत असाल तर युनिव्हर्सल क्रेडिटपुरता हा प्रश्नच उरत नाही. कारला फक्त मैलाचा दर मिळतो. टॅक्सच्या बाजूला, म्हणजे एचएमआरसीकडे, कारचाही खरा खर्च दाखवता येतो, आणि घोटाळा तिथेच होतो: अकाउंटंटने रिटर्नमध्ये जो आकडा लावला तोच इकडे भरला जातो. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. तसंच टॅक्समध्ये खर्चाऐवजी सरळ हजार पौंडांची सूट घेता येते, ती युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चालत नाही. निवड खरी उरते ती व्हॅनवाल्यांना आणि स्कूटर-मोटरसायकलवाल्यांना. (व्हिसावर ‘सरकारी निधी नाही’ अशी अट असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन, साउथॉलकडे आलेल्या आणि सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याचा हक्क) मिळालेल्या मंडळींना मात्र तो जसाच्या तसा लागू आहे.)

दर तुम्हाला माहीत असतील: कार आणि व्हॅनला महिन्याच्या पहिल्या ८३३ मैलांना ४५ पेन्स, त्यापुढे २५. मोटरसायकलला सरसकट २४. २०११ साली हा दर ४० वरून ४५ झाला. त्यानंतर विमा आणि पेट्रोल कुठच्या कुठे गेलं, त्यामुळे ‘एवढ्यात काय भागतंय’ असं वाटणं साहजिक आहे. खऱ्या खर्चाकडे माणूस वळतो तो याच भावनेतून. जेवण पोचवणाऱ्यांना विमा साधा चालत नाही, ‘हायर अँड रिवॉर्ड’चा, म्हणजे पैसे घेऊन माल पोचवण्याचा, लागतो, आणि त्याचा हप्ता भरताना तर वाटतंच की हा अख्खा आकडा दाखवायला मिळाला पाहिजे.

मलाही तसंच वाटायचं. पण खरा खर्च दाखवायचा म्हणजे अख्खा खर्च नव्हे, धंद्याचा वाटा. माझी व्हॅन सकाळी मुलांना शाळेत सोडते, शनिवारी भाजी आणते, सणाला सगळ्यांना घेऊन मित्रांकडे जाते. मग प्रत्येक पावतीतला किती भाग धंद्याचा? तो काढायला महिन्याचे एकूण मैल आणि त्यातले डिलिव्हरीचे मैल, दोन्ही लागतात. आणि हा महिना १ तारखेपासूनचा नसतो, तुमच्या क्लेमच्या तारखेपासूनचा असतो. म्हणजे मधल्याच कुठल्या तरी तारखेला मीटरचं रीडिंग घ्या, डिलिव्हरीचे मैल बेरजेला घ्या, टक्का काढा, आणि तो टक्का पेट्रोलच्या प्रत्येक पावतीला, टायरला, वायपरला, विम्याच्या हप्त्याला लावा. पुढच्या महिन्यात शाळेला सुट्टी, टक्का बदलला, पुन्हा सगळं नव्याने.

मला पावत्यांचा कंटाळा नाही, हिशेब मला आवडतो. खटकलं ते हे की पावत्यांची पद्धत घेतली तरी मैलांची वही सुटतच नाही. वही ठेवल्याशिवाय टक्का निघत नाही. आणि वही नीट ठेवलेली असेल तर मैलाच्या दराचा हिशेब तिथेच एका गुणाकारात संपतो! मग तीच वही ठेवायची आणि तिच्या डोक्यावर पावत्यांचा डबाही सांभाळायचा, हे कशासाठी? माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीने झाला. बाकीची कारणं नंतर सापडत गेली.

त्यातलं सगळ्यात वजनदार कारण म्हणजे मिनिमम इन्कम फ्लोअर, म्हणजे किमान कमाईची धरलेली पातळी. धंदा सुरू केल्यावर साधारण पहिलं वर्ष तो लागत नाही. त्यानंतर तुमची कमाई ठरावीक पातळीच्या खाली गेली तरी तुम्ही त्या पातळीइतकं कमावलं असंच धरतात. खरा खर्च कधीही सारखा येत नाही. चार महिने काही नाही आणि पाचव्या महिन्यात क्लच जातो. समजा तुमचा फ्लोअर १,६०० पौंड आहे, महिन्याची कमाई २,१०० आणि इंधन वगैरे धंद्याचा नेहमीचा खर्च १८०. क्लचचे धंद्याच्या वाट्याला ७०० आले. खरी कमाई उरली १,२२०, पण हिशेबात धरली जाते १,६००. मधले ३८० पौंड तुमच्या खिशातून गेले आणि हिशेबात कुठेच दिसले नाहीत. काम भत्त्याच्या (कापणी सुरू होण्याआधी जेवढं कमावता येतं त्या रकमेच्या) वर कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात, म्हणजे त्या एका बिलापायी सुमारे २०९ पौंडांची मदत हुकली. तोटा पुढे नेता येतो हे खरं, पण आकडा शून्याच्या खाली गेला तरच. फ्लोअर आणि शून्य यांच्यामध्ये जे अडकतं ते परत मिळत नाही.

मैलाच्या दराने हेच पाहा. ८०० मैल म्हणजे ३६० पौंड. कमाई धरली जाते १,७४०, फ्लोअरच्या वर, आणि ३६० पूर्ण कामी येतात. क्लच गेलेल्या महिन्यात वेगळं काही मिळत नाही, ते सोसावं लागतं. पण ज्या महिन्यांत काहीच बिघडत नाही त्यांत तोच खर्च आधीच थोडा थोडा वसूल झालेला असतो. महिन्याच्या हिशेबाला ही सपाट पद्धत मला तरी जास्त मानवते. तुमची कमाई फ्लोअरच्या बरीच वर असेल तर हा मुद्दा तितका टोचणार नाही.

पावत्यांची बाजू कमी दाखवायची माझी इच्छा नाही. स्कूटरवाल्यांनी माझं न ऐकता आधी स्वतःचा हिशेब करावा. २४ पेन्सने ८०० मैलांचे फक्त १९२ पौंड होतात, आणि पंचविशीच्या आतल्या पोराला जेवणाच्या डिलिव्हरीचा विमाच त्यातला मोठा घास घेतो. स्कूटर बहुतेक वेळा फक्त कामालाच वापरली जाते, त्यामुळे वाटणीची कटकटही जवळपास नसते. तिथे मी बहुधा पावत्याच ठेवल्या असत्या. पार्सलवाले लांबलांबच्या फेऱ्या करतात, त्यांचे बरेच मैल २५ पेन्समध्ये जातात. व्हॅन जुनी आणि डिझेल पिणारी असेल तर त्यांनाही पावत्या परवडू शकतात. आणि पहिल्याच वर्षी, फ्लोअर लागण्याआधी, साठवलेल्या पैशांतून रोख व्हॅन घेत असाल, तर धंद्याच्या वाट्याची किंमत खर्चात टाकून झालेला तोटा पुढच्या महिन्यांत नेणं हा मोठा फायदा आहे. कर्ज काढून घेतली तर मात्र मुद्दल खर्चात धरत नाहीत, आणि व्याजही महिन्याला ४१ पौंडांपर्यंतच. याच्या उलट, विजेवर चालणारी व्हॅन घरी चार्ज करत असाल तर ४५ पेन्स सोडून पावत्यांकडे का जावं, हे मला सुचत नाही.

टॅक्सच्या बाजूला एक बंधन आहे. एकदा एखाद्या गाडीसाठी मैलाचा दर घेतला की ती गाडी धंद्यात असेपर्यंत तोच घ्यावा लागतो. गाडीची किंमत भांडवली सवलतीत (कॅपिटल अलाउन्स, म्हणजे खरेदीची किंमत नफ्यातून वजा करणं) टाकली असेल तर त्या गाडीला पुढे हा दर मिळत नाही. म्हणून पहिलं रिटर्न भरण्याआधीच नीट ठरवा. शिवाय तिथे ४५ पेन्सची मर्यादा वर्षाला १०,००० मैलांची आहे, महिन्याला ८३३ ची नाही. डिसेंबरात काम वाढून ११०० मैल झाले तर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ४४१ पौंड ६० पेन्स मिळतील. पण वर्षाचे मैल दहा हजारांच्या आत असतील तर टॅक्समध्ये त्याच मैलांचे ४९५ होतात. महिन्यांचे बारा आकडे बेरीज करून रिटर्नमध्ये टाकले तर हा फरक निसटतो, आणि नुकसान तुमचंच होतं.

आता वहीचं. अॅप जे अंतर दाखवतं त्यावर विसंबू नका. त्यात बहुतेक वेळा हॉटेलपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचेच मैल असतात. गिऱ्हाइकाकडून रिकामं परत येणं, पुढच्या ऑर्डरसाठी दुसऱ्या टोकाला जाणं, हे धंद्याचेच मैल आहेत आणि ते अॅपमध्ये सापडत नाहीत. दुसरीकडे, घरून निघून रोजच्या ठरलेल्या डेपोपर्यंत जाणं म्हणजे कामावर जाणं, ते धरू नये. काम सुरू करताना आणि संपवताना मीटरचा फोटो, सोबत तारीख, कुठून कुठे आणि कोणत्या अॅपसाठी, एवढं मी लिहितो. मध्येच घरचं काम निघालं तर त्याचे मैल तिथल्या तिथे वजा करतो. वर्क कोचने (युनिव्हर्सल क्रेडिटचा तुमचा अधिकारी) विचारलं तर हीच पानं पुढे ठेवायची. पार्किंग आणि टोलच्या पावत्या मात्र मैलाचा दर घेतला तरी वेगळ्या ठेवा, टॅक्समध्ये त्या दराच्या वर मिळतात. दंडाच्या पावत्या कुठेच चालत नाहीत.