डीसीएस वर्ल्ड: एकट्याने नका खेळू, जोडीदार घेऊन उडा

फायटर पायलट जोडीनेच का लढतात हे समजून घ्यायचं असेल तर हा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम, नक्की घ्या, डाउनलोड फुकट आहे आणि त्यात टीएफ-५१डी मस्टँग हे विमान पण फुकट मिळतं. त्याला बंदुका नाहीत पण सरावाला मस्त. मी आणि मित्र थॅच वीव्ह करतो, म्हणजे दोघं अंतर ठेवून समांतर उडायचं, एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, मग पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या नाकासमोर येतो. अमेरिकन नौदलाचा पायलट जॉन थॅचने हे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ला मिडवेच्या लढाईत वापरलं, कारण अमेरिकनांची वाइल्डकॅट विमानं जपानी झिरो विमानांइतकी चपळ नव्हती. कॉकपिटमधून मागचं दिसतच नाही हो, आणि निशाणा धरला की बाजूचंही भान राहत नाही, तेव्हा विंगमन, म्हणजे सोबत उडणारा जोडीदारच आपले डोळे! जॉयस्टिक मात्र हवीच, हेड ट्रॅकिंग (आपण डोकं वळवलं की गेममधली नजरही वळते) असेल तर अजून भारी. आणि व्हॉइस चॅट चालू ठेवा, "डावीकडे वळ" हे वेळेत ऐकू आलं नाही तर सगळा डाव फसतो. माझ्याकडून पाच स्टार.