वालाचं बियाणं: घरचं की विकतचं?

भातकापणी झाली की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल पेरायचा, ही रायगडची जुनी रीत. प्रश्न बियाण्याचा.

घरचं बियाणं फुकट, पेरणीच्या दिवशी हाताशी, आणि चवीला आपल्याच मातीतलं. वाल मुख्यतः स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळणारा, त्यामुळे संकरित बियाण्यासारखं दरवर्षी विकत आणावं लागत नाही. खरा शत्रू भुंगा. कोकणातल्या दमट हवेत नीट न वाळवलेलं बी पावसाळ्यात पोखरतं. म्हणून कडक ऊन, राख आणि घट्ट झाकणाचा डबा. आजीचं मडकं चालायचं, पण तोंड शेणमातीनं लिंपलेलं असे, हे आपण विसरतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वाणांचं प्रमाणित बियाणं शुद्ध, उगवण तपासलेलं. अडचण एकच: वेळेवर मिळेल तर! ओल उडाल्यावर आलेली पिशवी काय कामाची?

माझं मत? विद्यापीठाचं बी एकदा आणावं, निरोगी झाडांच्या शेंगा वेगळ्या राखून पुढची काही वर्षं तेच वाढवावं. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी राखायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क शेतकऱ्याला आहेच. घरात वाल असला की पोरांच्या ताटात भाताबरोबर बिरडंही येतं, प्रथिनं वेगळी शोधावी लागत नाहीत.